गेलिक डोंगरनावांसाठी ऑर्डनन्स सर्व्हेची नेम बुकं: काय मिळतं, काय फसवतं

स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या, म्हणजे डोंगराळ उत्तर-पश्चिम भागातल्या, एखाद्या डोंगराचं गेलिक (तिथल्या जुन्या केल्टिक भाषेतलं) नाव नकाशावर असंच का छापलं, कोणाच्या सांगण्यावरून छापलं, आणि छापताना कोणती स्पेलिंगं मागे पडली, हे शोधायचं असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या) नेम बुकांना पर्याय नाही. एकोणिसाव्या शतकात मैलाला सहा इंच (१:१०,५६०) या मापाचे नकाशे तयार होत असताना सर्व्हेच्या माणसांनी पॅरिशवार (चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या विभागांप्रमाणे) भरलेल्या या वह्या. मूळ प्रती एडिनबराला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये ‘ओएस१’ या मालिकेत आहेत. पानांची छायाचित्रं आणि स्वयंसेवकांनी केलेलं टंकलेखन स्कॉटलंड्सप्लेसेस या प्रकल्पातून जालावर आलं. इंग्लंडच्या बहुतेक वह्या १९४० साली साउदॅम्प्टनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. स्कॉटलंडच्या वाचल्या, हे नशीबच.

निकाल आधीच सांगून टाकतो. नाव कोणी सांगितलं आणि कसं लिहिलं, यासाठी नेम बुकं अव्वल. नावाचा अर्थ काय, यासाठी कामचलाऊ. गंमत अशी की बहुतेक जण ती नेमकी अर्थासाठीच उघडतात, शेवटच्या रकान्यातलं एक वाक्य उचलतात आणि बाकीचं पान न वाचताच वही मिटतात.

(पुढे गेलिक नावं देवनागरीत उच्चाराच्या जवळपास दिली आहेत. गेलिकमधले काही ध्वनी देवनागरीत बसत नाहीत, तेव्हा त्यावरून मूळ स्पेलिंगचा अंदाज बांधू नका.)

पान वाचायचं कसं

प्रत्येक पानावर पाच रकाने असतात. पहिल्यात नकाशावर जायचं ठरलेलं नाव. दुसऱ्यात त्याच नावाची निरनिराळी स्पेलिंगं. तिसऱ्यात ती स्पेलिंगं कोणाच्या आधाराने घेतली त्यांची नावं. चौथ्यात ठिकाण, म्हणजे नकाशाच्या तावाचा क्रमांक आणि ट्रेसचा (तावाच्या भागाच्या कागदी नकलेचा) क्रमांक. पाचव्यात वर्णन.

डोंगरांचं वर्णन बऱ्यापैकी साच्यातलं असतं: हे नाव अमुक एका ठळक डोंगराला लागू आहे, उतारावर हेदर (जांभळ्या फुलांचं झुडूप) आणि चराऊ गवत, माथ्यावर ट्रिग स्टेशन (मोजणीसाठीची खूण), मालकी अमक्याची. आणि शेवटी, असलाच तर, ‘सिग.’ असं लिहून इंग्रजी अर्थ. हे ‘सिग.’ म्हणजे सिग्निफाइंग. काही वह्यांत तो शब्द पूर्ण लिहिलेला असतो, काहींत अर्थ दिलेलाच नसतो. एकाच पॅरिशच्या दोन वह्यांतही यात फरक पडतो, कारण भरणारा माणूस बदललेला असतो.

खरी मेजवानी पहिल्या दोन रकान्यांत असते. पहिल्या रकान्यातल्या नावावर पुष्कळदा काट मारून वर वेगळ्या शाईत दुरुस्ती केलेली दिसते. रानात ऐकलेलं रूप आणि गेलिक जाणणाऱ्याकडून तपासल्यावर शुद्ध करून घेतलेलं रूप, अशी दोन्ही एकाच चौकटीत सापडतात. खोडलेलं रूप बहुधा इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेलं, म्हणून स्थानिक उच्चाराच्या जास्त जवळचं. ते टाकाऊ समजू नका. गेलिकमध्ये ‘बी-एच’ आणि ‘एम-एच’ या जोड्यांचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो. त्यामुळे शुद्ध केलेल्या रूपात जिथे अशी जोडी आहे तिथे खोडलेल्या रूपात साधा ‘व्ही’ असेल, तर सांगणाऱ्याने नाव खरोखर तसं उच्चारलं होतं याचा तो पुरावा. नॉयडार्टमधल्या १०२० मीटरच्या डोंगराचं गेलिक स्पेलिंग पाहून कोणीही ‘लाधर भेन’ वाचेल. उच्चार आहे ‘लार्व्हेन’.

टंकलेखनावर मात्र इथे विसंबू नका. स्वयंसेवकांचं काम एकंदरीत चांगलं आहे, पण काट, शाई, ओळीवर लिहिलेली भर यातलं बरंचसं टंकलेखनात उतरत नाही. मूळ पानाचं छायाचित्र उघडल्याशिवाय काहीही टिपून घेऊ नये.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा

सर्व्हेची पद्धत अशी होती की प्रत्येक नावासाठी शक्यतो एकापेक्षा जास्त आधार घ्यायचे. मैदानी भागात हे आधार म्हणजे जमीनदार, त्यांचे कारभारी, पाद्री, शाळामास्तर. हायलँड्सच्या उंच भागात ही मंडळी फिरकतच नसत. तिथे मेंढपाळ आणि शिकारीच्या रानांचे रखवालदार यांनाच नावं ठाऊक. पण सर्व्हेचा कल सुशिक्षित आणि मालमत्ता असलेल्या माणसाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सूचनांत तर छोटे शेतकरी आणि झोपडीत राहणारे यांच्यावर स्पेलिंगच्या बाबतीत भरवसा ठेवू नये असं उघडच सांगितलं होतं. नाव सांगणारा एक आणि स्पेलिंग ठरवणारा दुसरा, ही फट या रकान्यात स्पष्ट दिसते.

तीन नावं आहेत म्हणजे तीन स्वतंत्र साक्षी मिळाल्या, असं धरू नये. एकाच पानावर, कधी सलग पाचसहा पानांवर, तेच तिघे येतात आणि खाली ‘डू.’ (वरीलप्रमाणे) अशी खूण चालू राहते. त्या पॅरिशच्या वहीत एकूण किती वेगवेगळी माणसं आहेत ते आधी मोजा. तिघांपैकी दोघे एकाच इस्टेटीच्या नोकरीतले असतील, तर ती साक्ष जवळपास एकाचीच.

दुसरी अडचण इतिहासाने घालून ठेवलेली. हायलँड क्लिअरन्सेसनंतर, म्हणजे जमीनदारांनी कुळांना हुसकावून लावल्यानंतर, जिथे जिथे मोठे मेंढवाडे उभे राहिले, तिथे दक्षिणेच्या बॉर्डर्स भागातले मेंढपाळ आणले गेले होते. त्यांतल्या अनेकांना गेलिक येत नव्हतं. त्यांच्या तोंडचं नाव हे ऐकीव नाव. त्यांचं आडनाव लोलँड्स (दक्षिणेच्या सखल भागाच्या) वळणाचं आहे का, पुढे हुद्दा काय लिहिलाय, एवढं पाहिलं तरी नोंदीचं वजन करता येतं. हीच माणसं त्या काळच्या जनगणनेत शोधली तर जन्मस्थळही कळतं. १८८१ पासूनच्या स्कॉटिश जनगणनेत गेलिक बोलतो का, हाही प्रश्न आहे.

अर्थाचा रकाना: जपून

‘सिग.’नंतरचा अर्थ हा बहुतेक वेळा शब्दाला शब्द लावून केलेला असतो. ज्याला नावाचे तुकडे नीट पाडता आले त्याचा अर्थ बरोबर, नाही आले त्याचा कल्पनेने. शुद्धलेखनात नाव बदललं की अर्थही त्याप्रमाणे ओढला जातो, आणि मग दोन्ही एकमेकांना आधार देत उभे राहतात. चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली म्हणजे रंग. ‘गोरम’ला वहीत ‘निळा’ लिहिलेलं असतं, पण गेलिकमध्ये तोच शब्द हिरव्यागार गवतालाही लागतो. ‘ग्लास’ करडाही आणि हिरवटही. ‘रूअ’ म्हणजे तांबूस-तपकिरी आणि ‘जेरक’ म्हणजे लाल, पण वहीत दोघांनाही सरसकट ‘रेड’. केर्नगॉर्म्सचंच बघा: इंग्रजीत अख्ख्या रांगेला तिच्यातल्या एका ‘गोरम’ शिखराचं नाव पडलं, आणि गेलिकमध्ये ती रांग आहे ‘अम मोनग रूअ’, म्हणजे तांबूस डोंगर. ग्रॅनाइट तांबूस असतो, त्यामुळे तांबूस म्हणणाऱ्यांनी दगड पाहिला होता हे उघड आहे.

दुसरी म्हणजे ‘मोर’ आणि ‘बेक’, मोठा आणि छोटा. (मोर पक्ष्याशी काही संबंध नाही.) ही विशेषणं उंचीची असतात असं गृहीत धरलं की घोटाळा झालाच. ऊनाख मोर १२२१ मीटर आणि शेजारचा ऊनाख बेक १२३४ मीटर. लॉखनागरवर काख्क कार्न मोर ११५० मीटर आणि काख्क कार्न बेक ११५५. नाव देणाऱ्यांनी खालून दिसणारं आकारमान पाहिलं, उंची मोजायला त्यांच्याकडे थिओडोलाइट नव्हता. नोंद करताना ‘मोठा’ एवढंच लिहा, ‘उंच’ लिहू नका.

तिसरी जागा थोडी आडवळणाची आहे. माथ्यावर कोणाचं काही काम नसतं. जनावरं चरतात कॉरीत, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या डोंगरकुशीत, पाणी मिळतं तिथेच, उन्हाळ्यात राहायचं तेही तिथेच. म्हणून आधी नाव पडतं कॉरीला किंवा तळ्याला, आणि शिखर ते उसनं घेतं. अन चालख या डोंगराचं सर्वोच्च शिखर ‘बीजेन अ ग्लास हूल’ (१०६२ मीटर): करड्या-हिरव्या पोकळीचं शिखर. पोकळी खाली आहे, शिखर वर. लॉखनागर हे तर मुळातच तळ्याचं नाव, डोंगराचं जुनं नाव ‘बेन नान कीखन’, छोट्या स्तनांचा डोंगर. नेम बुकातल्या वर्णनात कॉरीचा उल्लेख नसेल तर तीच वही पुढेमागे चाळून त्या कॉरीची स्वतंत्र नोंद शोधा. अर्थ बहुधा तिथे जास्त नेमका सापडतो.

चौथी जागा लाजेची. गेलिक नावं शरीराच्या अवयवांना बिचकत नाहीत: नाक, पाठ, खांदा, स्तन, आणि केर्नगॉर्म्समधल्या १००४ मीटरच्या ‘बोट अन जेव्हन’मध्ये सैतानाचं लिंग. इंग्रजीत त्याचं झालं ‘डेव्हिल्स पॉइंट’. व्हिक्टोरियन काळातल्या वहीत अशा नावाचा अर्थ गुळगुळीत केलेला किंवा गाळलेला असणार, हे धरूनच चालावं. गाळलेल्या अर्थाची जागा म्हणजे चौकशीची जागा.

पाचवी, आणि पश्चिमेकडे सगळ्यात जास्त छळणारी: नाव गेलिक नसतंच. बेटांवर नॉर्स (व्हायकिंग) लोकही नावं ठेवून गेले. रमच्या बेटावरचे आस्किव्हल, हॅलिव्हल, ट्रोलव्हल यांतला ‘व्हल’ म्हणजे नॉर्स ‘फ्याल’, डोंगर. सदरलँडमधल्या सूल्व्हेनचा पहिला भाग नॉर्स ‘सूला’, म्हणजे खांब, आणि दुसरा गेलिक ‘बेन’. पण गेलिकमध्ये डोळ्यालाही ‘सूल’ म्हणतात, त्यामुळे गेलिक कोश घेऊन बसलेला माणूस डोळ्याचा डोंगर काढून मोकळा होतो. नेम बुकं भरणाऱ्यांकडे नॉर्सचा माणूस नव्हता. बेटांवरच्या आणि वायव्य किनाऱ्यावरच्या ‘सिग.’कडे म्हणूनच दुप्पट संशयाने पाहायला हवं.

आणि काही नावांना जुना अर्थ शोधण्यात हशीलच नाही. स्काय बेटावरच्या क्युलिन रांगेतलं स्गूर अलस्टर (‘स्गूर’ म्हणजे टोकदार शिखर) हे अलेक्झांडर निकल्सन १८७३ साली त्यावर चढले म्हणून पडलेलं नाव, आणि स्गूर व्हिख ख्वान्यिख हे जॉन मॅकेन्झी या वाटाड्याच्या नावावरून. गेलिकमध्ये आहेत म्हणून पुरातन वाटतात, एवढंच.

जोडीला काय घ्यावं

एकट्या नेम बुकावर काम भागत नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट ही दुसरी अत्यावश्यक गोष्ट, आणि तिच्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. बघायला पैसे पडत नाहीत, जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवलेले आहेत, वरचा थर सरकपट्टीने फिका-गडद करता येतो, आणि दोन नकाशे शेजारी ठेवून एकत्र हलवता येतात. सहा इंची पहिल्या आवृत्तीचा पूर्ण ताव सहा मैल बाय चार मैलांचा. दुसऱ्या आवृत्तीत त्याचे चार तुकडे, म्हणजे क्रमांकापुढे वायव्य, ईशान्य, नैर्ऋत्य, आग्नेय अशी दिशा लागते. नेम बुकाच्या चौथ्या रकान्यातला क्रमांक पूर्ण तावाचा आहे हे लक्षात न घेतल्याने बरेच जण चुकीचा तुकडा उघडून बसतात. पंचवीस इंची नकाशे डोंगरांसाठी शोधू नका: ते लागवडीच्या भागापुरतेच काढले गेले.

तिथेच विल्यम रॉयचा मिलिटरी सर्व्हे (१७४७ ते १७५५, एक इंचाला हजार यार्ड) थर म्हणून मिळतो. जॅकोबाइट (गादी गेलेल्या स्ट्युअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या) उठावानंतर सैन्यासाठी काढलेला हा नकाशा. नावं लिहिणाऱ्यांना गेलिक येत नव्हतं आणि त्यांनी कानाला आलं तसं लिहिलं. म्हणूनच तो उच्चाराचा साक्षीदार म्हणून चांगला, स्पेलिंगसाठी निकामी. शिवाय डोंगरांवर नावं विरळ, दऱ्या आणि वस्त्यांवर दाट. त्याहून मागे नकाशाकार टिमथी पाँटचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे हस्तलिखित नकाशे आणि त्यांच्या आधारे निघालेला ब्लाऊचा १६५४ चा अॅटलास. पाँटकडे एखाद्या डोंगराचं नाव सापडलं तर सोनंच, पण ते नेमकं कोणत्या शिखराला लागू आहे हे छातीठोकपणे सांगता येईलच असं नाही.

जीबी१९०० ही नावांची यादी शोधासाठी फार सोयीची. सहा इंची दुसऱ्या आवृत्तीवरची सुमारे पंचवीस लाख नावं स्वयंसेवकांनी टिपून काढली. एकाच नावाचे डोंगर किती आणि कुठे, हे पाहायचं असेल तर याहून जलद साधन नाही. एक खोच मात्र आहे: दिलेला बिंदू नावाच्या पहिल्या अक्षरापाशी आहे, शिखरापाशी नव्हे. अक्षरं दूरदूर पसरून छापलेल्या लांबलचक डोंगरनावात हे अंतर काही शे मीटर सहज भरतं.

आजची गेलिक रूपं आणि उच्चारांसाठी ऐन्मन आचे न हाल्पा ही संस्था. तिच्या यादीतलं रूप आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे असतं. १९८१ च्या लेखननियमांनंतर डावीकडे झुकणारी मात्राच (रोमन स्वरावरची तिरकी रेघ) तेवढी उरली, उजवीकडे झुकणारी गेली. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीवर आजची मात्रा चिकटवू नका. बोलीतला उच्चार ऐकायचा असेल तर टोबर अन डुअल्खस या ध्वनिसंग्रहात त्या त्या भागातल्या गेलिक भाषकांची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत. डोंगराचं नाव थेट सापडेलच असं नाही, पण त्या दरीतले लोक स्वर कसे काढत ते कळतं.

शोधताना अडणाऱ्या गोष्टी

नाव टाइप केलं आणि काही आलं नाही, म्हणजे नोंदच नाही असं समजू नका. गेलिक नावांत अपॉस्ट्रॉफी, जोडरेघा, मात्रा आणि मोकळ्या जागा यांचा सुळसुळाट असतो, आणि टंकलेखनात त्या कुठे आहेत, कुठे नाहीत. सगळं नाव न टाकता त्यातला न बदलणारा एकच तुकडा टाका. ‘स्गूर’ तीनचार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, त्यामुळे तो भाग वगळून पुढचा शब्द शोधावा. हस्ताक्षरातले ‘यू’ आणि ‘एन’, ‘ए’ आणि ‘ओ’ एकमेकांच्या जागी गेलेले असतात. तरीही नाही मिळालं तर नावाने शोधणं सोडा, पॅरिशची वही उघडा आणि तावाच्या क्रमांकाने पानं चाळा. याला वेळ लागतो, पण हाच मार्ग हमखास.

डोंगर बहुतेक वेळा पॅरिशच्या सीमेवर असतो, कारण सीमा धारेवरूनच आखलेली. अशा वेळी दोन्ही पॅरिशच्या वह्या पाहायच्याच. एकाच डोंगराची दोन्हीकडे नोंद असते आणि आधार वेगळे, स्पेलिंग वेगळं, क्वचित अर्थही वेगळा. आतल्या हायलँड्समध्ये सीमा परगण्याचीही असू शकते, मग मालिकेचा क्रमांकच बदलतो: ओएस१/१७ म्हणजे इनव्हरनेसशरचा मुख्य भूभाग, ओएस१/२८ म्हणजे रॉस आणि क्रॉमर्टीचा.

इंग्रजी वळणाचं नाव दिसलं म्हणून तिथे गेलिक संपलं होतं, असाही निष्कर्ष काढता येत नाही. इंग्रजीत रुळलेलं रूप सर्व्हेने तसंच ठेवलं. मलच्या बेटावरचा ९६६ मीटरचा डोंगर नकाशावर ‘बेन मोर’, आणि साउथ उइस्टवरचा ६२० मीटरचा ‘बेन व्होर’, गेलिक व्याकरणाप्रमाणे. नाव एकच. मलचं रूप इंग्रजीत आधीच बसलेलं होतं, एवढाच फरक.

अर्थाच्या बाबतीत एकाहून जास्त शक्यता असतील तर त्या सगळ्या लिहाव्यात. मोनर तळ्याजवळच्या १०५३ मीटरच्या ‘स्गूर अ खूराखन’चा अर्थ कोणी रोवन या झाडाच्या फळांशी लावतो, कोणी फेसाळत्या ओढ्याशी. अशा ठिकाणी एकाची निवड करून दुसरा गाळणं म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाने केलं तेच पुन्हा करणं.

स्वतःची नोंद ठेवताना किमान एवढं हवं: आजच्या नकाशावरचा ग्रिड संदर्भ, पॅरिश आणि परगणा, सहा इंची तावाचा क्रमांक, पहिल्या रकान्यातलं अंतिम रूप, खोडलेलं रूप वेगळं, दुसऱ्या रकान्यातली सगळी स्पेलिंगं जशीच्या तशी, प्रत्येकापुढे आधाराचं नाव आणि हुद्दा, वर्णनातला अर्थ अवतरणचिन्हांत, आणि आपला अर्थ त्याहून वेगळ्या रकान्यात. वर्ष टिपताना काळजी घ्या. नकाशावर मोजणीचं आणि प्रकाशनाचं अशी दोन वर्षं असतात, आणि नाव टिपलं गेलं ते मोजणीच्या सुमारास. सगळे हायलँड्स एकाच वेळी मोजले गेले नाहीत: लुइसची मोजणी १८५० च्या आसपासच उरकली होती, वायव्येच्या मुख्य भूभागाची मात्र वीसेक वर्षांनी. संदर्भ म्हणून वेबपत्ता न देता ओएस१ पासून सुरू होणारा वहीचा आणि पानाचा क्रमांक द्या. साइट बदलतात, पत्ते मरतात, वहीचा क्रमांक तोच राहतो.